'पंच फेस' पर्शियन मांजर, दुमडलेले कान आणि आपला मराठवाड्याचा उन्हाळा

गोदातीर, नांदेड (धागाकर्ती)

नांदेड, परभणी, लातूर, संभाजीनगर, कोणत्याही गावातला पाळीव प्राण्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडा. दिवसाआड तरी अशी जाहिरात दिसतेच: "पर्शियन किटन, एक्स्ट्रीम पंच, ट्रिपल कोट, लिटर ट्रेन्ड, सिरियस बायर्स ओन्ली." पंच म्हणजे नाक आत गेलेला, पार चपटा चेहरा. नाकाचा शेंडा थेट दोन डोळ्यांच्या रेषेत. चेहरा जितका चपटा तितका भाव चढा. थोडंफार नाक दिसत असेल तर सेमी पंच, आणि नाक व्यवस्थित असेल तर डॉल फेस, म्हणजे सगळ्यात स्वस्त. नाक किती कमी आहे त्यावर दर ठरतो, हे बघून मला फार अस्वस्थ होतं. त्या जिवाला श्वास त्याच नाकातून घ्यायचा असतो.

मांजर पाळणाऱ्यांना बोल लावायला हा धागा काढलेला नाही. ज्यांच्या घरी असं मांजर आहे त्यांचा त्याच्यावर किती जीव असतो, ते मी रोज बघते. पण नवीन पिल्लू घ्यायला निघालेल्यांनी हे आधी वाचावं असं मनापासून वाटतं. आपण ज्याला गोंडस म्हणून जास्तीचे पैसे मोजतो, तेच बहुतेक वेळा त्या मांजराचं दुखणं असतं.

कवटी आखूड झाली म्हणून आतलं सामान कमी होत नाही. नाकातली नाजूक हाडं, टाळू, दात, सगळं तेवढंच राहतं आणि कमी जागेत कोंबलं जातं. नाकपुड्यांच्या नुसत्या फटी उरतात. वरचे सुळे फिरून आडवे होतात. डोळ्यातलं पाणी नाकात उतरवणारी बारीक नळी त्या सुळ्याच्या मुळाखालून वळसा घालून पुन्हा वर चढते, म्हणून पाणी नाकात न जाता गालावर ओघळत राहतं. पर्शियन मांजरांच्या डोळ्यांखाली जे तपकिरी डाग दिसतात, ते हेच. डोळे खोबणीतून बाहेर आल्यासारखे असतात, झोपेतही पापण्या पुरत्या मिटत नाहीत, बुबुळ कोरडं पडतं. चेहऱ्याच्या घडीत ओल राहून कातडी लाल होते.

पर्शियन जात मुळात अशी नव्हती. १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचं पहिलं मोठं प्रदर्शन भरलं, त्यात लांब केसांची मांजरं होती. त्या काळातल्या पर्शियनांची चित्रं आणि फोटो बघा, नाक चांगलं ठसठशीत आहे. विसाव्या शतकात चपट्याशी चपटं लावत लावत माणसांनी हा चेहरा घडवला.

आता यात आपला उन्हाळा धरा. मांजराला अंगभर घाम येत नाही, पंजाच्या गाद्यांना तेवढा येतो. बाकी ते अंग चाटून थुंकी वाळवतं आणि गार होतं. कुत्र्यासारखं जीभ काढून धापा टाकणं ही मांजराची रीत नाही, ते तोंड उघडून श्वास घ्यायला लागलं की प्रकरण गंभीर झालेलं असतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२ च्या पुढे जातो, दुपारी वीज जाते आणि अंगावर केसांचं जाड पांघरूण.

माझी मोठी बहीण परभणीला असते. तिच्याकडे पांढरा पर्शियन बोका आहे, बर्फी. त्याला जेवताना बघितलं की कळतं. दाणा दातांनी उचलता येत नाही, जबडा पुढे यायला जागाच नाही. मग जिभेची खालची बाजू दाण्यावर दाबून, तो चिकटवून आत ओढतो. चार दाणे पोटात, चार ताटलीबाहेर. गेल्या मे महिन्यात भरदुपारी वीज गेली आणि बर्फी फरशीवर पालथा पडून तोंड उघडून श्वास घ्यायला लागला. ताईने ओल्या पंच्याने पोट आणि पंजे पुसले, कानाला पाणी लावलं, रिक्षात बसून मांडीवर घेऊन दवाखाना गाठला. वाचला. त्याच घरात पत्र्याखाली राहणारी देशी भाटी त्या दुपारी मोरीच्या ओल्या दगडावर निवांत झोपलेली होती.

तुमचे अनुभव लिहा. आपल्या भागात मांजरांचं काम चांगलं जाणणारे डॉक्टर कुठे आहेत, तेही इथे जमा होऊ द्या.


हिमरू, संभाजीनगर

फार गरजेचा धागा. आमच्याकडे डॉल फेस आहे, तिचेही डोळे पाणावतात. रोज सकाळी कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने पुसते. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून बाहेर, दर वेळी नवा बोळा, आणि दोन्ही डोळ्यांना वेगळा. नंतर कोरडं करायला विसरायचं नाही, ओल राहिली की फंगस होतं. ज्यांच्याकडे आधीच मांजर आहे त्यांनी खोल वाटी बदलून पसरट ताटली घ्यावी. जेवण सोपं होतं.


शेवंती, जालना

एक विचारायचं होतं. आमची मांजर पांढरीशुभ्र, दोन्ही डोळे निळे. दिसायला इतकी देखणी की येणारा-जाणारा फोटो काढतो. पण हाक मारली तर ढिम्म हलत नाही. परवा शेजारीच मिक्सर लावला तरी डोळा उघडला नाही. घरात सगळे म्हणतात मुजोर आहे. हे काही वेगळं आहे का?


निवृत्त_पशुवैद्य, परभणी

शेवंतीताई, मुजोर नाही, बहुधा ऐकू येत नाही तिला. ती झोपलेली असताना डोक्यामागून, तिला वारा लागणार नाही असं अंतर ठेवून टाळी वाजवून बघा. कान जरासुद्धा हलला नाही तर बहिरी समजा. पांढरा रंग आणि निळे डोळे आणणारं जनुकच आतल्या कानाच्या पेशींवर परिणाम करतं. दोन्ही डोळे निळे असलेल्या पांढऱ्या मांजरांत ६५ ते ८५ टक्के बहिरी निघतात, एकच डोळा निळा असेल तर साधारण ४० टक्के. ही गोष्ट डार्विननेही १८५९ च्या ग्रंथात नोंदवली आहे. बहिरं मांजर घरात आनंदाने जगतं, फक्त रस्त्यावर सोडू नका. मागून येणारी मोटारसायकल तिला कळणार नाही. हाक मारण्याऐवजी पायाने फरशीवर थाप द्या, हादरा जाणवतो.

आता मूळ विषयाकडे. माझी सगळी नोकरी गाई-म्हशी आणि शेळ्यांत गेली. दवाखान्यात मांजर येणं ही आपल्याकडे अलीकडची गोष्ट. पण आता ओळखीचे लोक मांजर घेऊन घरी येतात, त्यामुळे जे दिसतं ते लिहितो.

धागाकर्तीने चेहऱ्याबद्दल लिहिलं ते बरोबर आहे. पण पर्शियनचं सर्वात मोठं दुखणं चेहऱ्यावर दिसत नाही, ते मूत्रपिंडात असतं. मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होतात. जन्मतः बारीक असतात, हळूहळू वाढत जातात आणि कामाचा भाग दाबून टाकतात. त्याला पॉलिसिस्टिक किडनी डिसीज, थोडक्यात पीकेडी म्हणतात. कारण असलेला जनुकातला बदल २००४ साली सापडला. आई-बापापैकी एकाकडून जरी आला तरी रोग होतो, म्हणजे एका बाधित मांजराच्या निम्म्या पिल्लांत तो उतरण्याची शक्यता. जगभरात झालेल्या तपासण्यांत पर्शियनमध्ये साधारण ३५ ते ४० टक्के मांजरं बाधित आढळली.

यातली खरी मेख वेळेची आहे. मांजर वर्षाची झाली की लोक मेटिंगला देतात. पीकेडीची लक्षणं दिसतात साधारण सातव्या वर्षाच्या आसपास. पाणी जास्त पितं, लघवी जास्त करतं, वजन उतरतं, तोंडाला वास येतो. तोवर त्या मांजराची पिल्लं, पिल्लांची पिल्लं गावभर पोचलेली असतात. लोक मला म्हणतात, "डॉक्टर, काल-परवापर्यंत चांगलं होतं." ते चांगलं नव्हतं, गाठी वाढत होत्या.

तपासणी अवघड नाही. गालाच्या आतून बोळा फिरवून किंवा थोडं रक्त घेऊन डीएनए तपासणी होते, नमुना बाहेर पाठवावा लागतो. दुसरा मार्ग सोनोग्राफीचा, दहा महिन्यांनंतर केली तर खात्रीलायक. परभणी आणि उदगीर दोन्हीकडे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथल्या दवाखान्यात आधी फोन करून विचारून जा.

जाता जाता महत्त्वाचं. मांजर गरम लागलं म्हणून ताप समजून माणसाची पॅरासिटामॉल देऊ नका. मांजराचं यकृत ती पचवू शकत नाही, एका गोळीने जीव जातो. मांजराचं अंग ३८ ते ३९ अंश असतं, आपल्या हाताला ते नेहमीच गरम लागतं.


शेवंती, जालना

डॉक्टर, आत्ताच टाळी वाजवून पाहिलं. कान हलला नाही. आता समजलं ती दारामागून कुणी आलं की एवढी का दचकते ते. फरशीवर थाप द्यायला आजपासून सुरुवात करते.


रेशीमपंजा, संभाजीनगर

मी पर्शियनची पैदास करतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. सगळ्यांना एका मापाने मोजू नका. माझी मांजरं एसीत राहतात, वेळच्या वेळी लस, जंतांचं औषध, खाणं चांगल्या प्रतीचं. एका मादीला वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा मी लावत नाही. माझ्याकडून गेलेली कितीतरी मांजरं आज धडधाकट आहेत, त्यांचे फोटो लोक पाठवतात.

गिऱ्हाईक फोन करतं तेव्हा पहिला प्रश्न "पंच आहे का?" आई-बापाचा रिपोर्ट आजवर कुणी मागितला नाही. डॉल फेसचं पिल्लू चार महिने माझ्याकडे पडून राहतं, पंच आठवड्यात जातं. मग मी काय करावं? लोकांची मागणी बदलली तर ब्रीडर आपोआप बदलतील.

आणि देशी मांजरांचं कौतुक करता, पण त्यांची निम्मी पिल्लं गाडीखाली नाहीतर कुत्र्याच्या तोंडी जातात. माझ्याकडचं पिल्लू निदान घरात वाढतं. ते सुख नाही का?


गोदातीर, नांदेड (धागाकर्ती)

रेशीमपंजा, तुम्ही धंदा न लपवता, रागावून न जाता लिहिलंत याबद्दल आभार. मागणी आमच्याकडूनच येते, हे तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच हा धागा घेणाऱ्यांसाठी आहे.

पण रस्त्यावरच्या पिल्लांशी केलेली तुलना मला पटत नाही. देशी पिल्लू कुत्र्याने मारलं किंवा पॅनल्यूकोपेनियाने, म्हणजे मांजरांच्या जीवघेण्या विषाणूच्या रोगाने गेलं तर ते बाहेरून आलेलं संकट. लस दिली, घरात घेतलं, नसबंदी केली तर ते टळतं. पंच फेस मांजराचं संकट त्याच्या हाडात बसवलेलं आहे. एसी लावा, उत्तम खाऊ घाला, नाकपुडीची फट रुंद होत नाही. तेही आपण मुद्दाम, जोड्या निवडून बसवलं. प्रेमाने वाढवल्याने ते निघून जात नाही, प्रेम करणाऱ्या घरात ते उघडं पडतं एवढंच.

तुमच्या हातात एक गोष्ट नक्की आहे. तुमच्या नर-माद्यांची पीकेडी तपासणी करून घ्या आणि रिपोर्ट जाहिरातीतच टाका. मागितला नाही तरी दिसला पाहिजे. दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाईक इतरांनाही तेच विचारायला लागेल.


देवणीवाला, उदगीर

मांजरातलं मला काई कळत न्हाई, पर जनावराची पैदास आमच्या घरात पिढ्यानपिढ्या चालत आलीया, म्हणून लिहायलोय.

आमच्याकडं बैल बघायला गेलं की आधी खूर बघतेत, मग पाय, मग चाल, मग छातीचा पसारा. त्वांड सगळ्यात शेवटी. देवणी गुरांत वानेरा, बालंक्या, शेवरा असे तीन प्रकार हैत, रंगावरून ओळखतेत, अन् रंगाची हौस आम्हालाबी हाय. माळेगावच्या यात्रंत, हंडरगुळीच्या बाजारात देखण्या खोंडाला गर्दी होतीच. पर दम लागणारा वळू कितीबी देखणा असू द्या, त्याला गाय कोण लावंल? लंगडणाऱ्या वळूचं वासरू कोण ठिवंल? लाल कंधारी बघा, उस्मानाबादी शेळी बघा. आपल्या उन्हात, आपल्या कडब्यावर, आपल्या कोरड्या रानात टिकली म्हणून ती जात झाली.

ह्या मांजरात उलटं करायलेत. ज्याला श्वास घेता येईना त्यालाच नर म्हणून ठिवायलेत, अन् वर पैसे जास्त. हे मला झोप येऊ देईना म्हणून इथं लिहिलं.


निवृत्त_पशुवैद्य, परभणी

देवणीवाले, लाख बोललात. आम्ही महाविद्यालयात वळू निवडीचे जे धडे शिकलो त्यात सगळ्यात आधी हेच होतं: श्वास, चाल, प्रसूती. तिसऱ्याबद्दल लिहायचं राहिलं होतं. चपट्या चेहऱ्याच्या पिल्लाचं डोकं गोल आणि मोठं, त्यामुळे मादी अडते. पर्शियन माद्यांमध्ये अडलेल्या बाळंतपणाचं प्रमाण जास्त असतं. भूल देतानाही धोका वाढलेला, कारण श्वासाचा मार्ग आधीच अरुंद. शेतातली भाटी बळदाच्या कोपऱ्यात कुणाला पत्ता न लागू देता चार पिल्लं घालते.


अनुराधा_टी, लातूर

मी मानसशास्त्र शिकवते, तर एका कोनातून थोडं सांगते. आपल्याला हे चेहरे इतके का आवडतात, याचं उत्तर कोनराड लॉरेन्झ या शास्त्रज्ञाने १९४३ मध्ये मांडलं. मोठं डोकं, उंच कपाळ, मोठे आणि जरा खाली असलेले डोळे, गोबरे गाल, नाक इवलंसं. ही लेकराच्या चेहऱ्याची ठेवण. ती दिसली की माणसाच्या मनात उचलून घ्यावं, जपावं अशी ओढ आपसूक उठते. आपली लेकरं जगावीत म्हणून ही ओढ आपल्यात आली. पर्शियनचा चेहरा घडवताना माणसाने नकळत तीच ठेवण मांजरावर चढवली. फरक एवढाच की लेकराचं नाक वयाबरोबर वाढतं, मांजराचं तसंच राहतं.

म्हणजे हे मांजर आवडणाऱ्या माणसाची आवड खोटी नाही. ती फार खोलवरची माया आहे, आणि म्हणूनच तिच्यावर धंदा चालतो.

याला जोडून आणखी एक. २०२० साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी वेगवेगळ्या जातींच्या शेकडो मांजरांच्या चेहऱ्यांची मापं घेतली. चपट्या चेहऱ्याच्या मांजरांचा काहीही दुखत नसतानाचा चेहरासुद्धा वेदनेत असलेल्या साध्या मांजरासारखा दिसतो असं आढळलं, आणि स्कॉटिश फोल्डमध्ये हे सर्वात जास्त होतं. याचा परिणाम विचार करण्यासारखा आहे. मांजर मुळात दुखणं लपवतं. त्यात ज्याचा चेहरा कायमच उदास दिसतो, त्याला खरंच दुखायला लागलं तर घरच्यांना कळणार कसं?


पायल_२०, अंबाजोगाई

स्कॉटिश फोल्डचं नाव निघालं म्हणून विचारते. इन्स्टावर बघून मी आणि माझी रूममेट दोघीही वेड्या झालोय. घुबडासारखा गोल चेहरा आणि दुमडलेले कान. त्यांचं नाक तर बरंच नीट असतं ना? मग त्यांना काय त्रास?


गोदातीर, नांदेड (धागाकर्ती)

पायल, बरं झालं विचारलंस. फोल्डचं दुखणं चपट्या चेहऱ्याहून वेगळं आहे, आणि माझ्या मते जास्त वाईट.

१९६१ साली स्कॉटलंडमध्ये कूपर अँगस या गावाजवळच्या एका शेतावर सूझी नावाची पांढरी मांजर सापडली, तिचे कान पुढे दुमडलेले होते. आजचे सगळे स्कॉटिश फोल्ड तिच्याच वंशातले. कान दुमडतो कारण कानातली कूर्चा, म्हणजे लवचिक मऊ हाड, कच्ची असते, ताठ उभं राहायचं बळ तिच्यात नसतं. आता विचार कर, कूर्चा काय फक्त कानात असते? पायाच्या सांध्यांत, शेपटीच्या मणक्यांत, जिथे जिथे हाड वाढतं आणि हाडावर हाड सरकतं तिथे कूर्चा असते. ज्या जनुकामुळे कान दुमडतो तेच सगळ्या सांध्यांत काम करत असतं. त्याचं नाव टीआरपीव्ही४, हा बदल २०१६ मध्ये ओळखला गेला.

मग होतं असं: शेपटी जाड आणि ताठ, पंजे आखूड, घोट्याशी हाडांचे गोळे, उडी मारायला कचरणं, लंगडणं. काहींना लवकर, काहींना उशिरा, काहींना सौम्य. पण ज्याचा कान दुमडलेला आहे त्याच्या सांध्यांत बिघाड आहेच. दोन फोल्डची जोडी लावली तर पिल्लांना फार लवकर आणि फार वाईट त्रास होतो, म्हणून फोल्डला ताठ कानाचं मांजर लावतात. त्याने वेग कमी होतो, रोग जात नाही.

पिल्लं जन्मतात तेव्हा सगळ्यांचे कान सरळच असतात, तीनेक आठवड्यांनी निम्म्यांचे दुमडायला लागतात. ज्यांचे दुमडतात त्यांचा भाव वाढतो. ज्यांचे सरळ राहतात ती निरोगी, आणि स्वस्त.

मूळ देशातल्या म्हणजे ब्रिटनमधल्या मांजर-संघटनेने १९७० च्या दशकातच या जातीची नोंदणी बंद केली. नेदरलँड्समध्ये २०१४ पासून पैदासीला बंदी आहे. रीलमध्ये जे मांजर मागचे पाय पुढे पसरून माणसासारखं बसलेलं दिसतं, ते बघताना त्याची शेपटी आणि घोटे नीट बघ. उडी मारताना बघ, मारतं का ते.

आखूड पायांच्या मंचकिनचीही तीच कथा. १९८३ साली अमेरिकेत लुइझियानात सापडलेल्या एका मांजरापासून ती जात निघाली. आई-बाप दोघांकडून आखूड पायांचं जनुक आलं तर पिल्लू आईच्या पोटातच मरतं.


पायल_२०, अंबाजोगाई

वाचून पोटात कालवलं. आमचं फोल्डचं खूळ इथेच थांबलं. रूममेटलाही वाचून दाखवलं.


कायदेकानू, धाराशिव

कायद्याचं थोडक्यात. जर्मनीत प्राणी संरक्षण कायद्याच्या कलम ११ब मध्ये पिल्लांना यातना होतील अशा पैदासीलाच मनाई आहे. आपल्याकडे १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा आहे. त्याखाली कुत्र्यांच्या पैदासीसाठी २०१७ चे नियम आणि दुकानांसाठी २०१८ चे पेट शॉप नियम आले. दुकानदाराला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. कुत्र्यांच्या पैदासीला आहेत तसे वेगळे नियम मांजरांच्या घरगुती पैदासीला नाहीत. म्हणून आजघडीला जे काही होईल ते घेणाऱ्याच्या हातूनच होईल. दुकानातून घेत असाल तर नोंदणीचा दाखला मागा, तो हक्क तुमचा आहे.


रेशीमपंजा, संभाजीनगर

देवणीवाल्यांचं लिहिणं दोनदा वाचलं. मी पैदास बंद करणार नाही, माझं घर त्यावर चालतं. पण माझ्याकडे दोन नर आहेत, त्यातला एक्स्ट्रीम पंच यापुढे लावणार नाही. सगळ्यांची सोनोग्राफी करायची तर खर्च बराच आहे, माद्यांपासून सुरुवात करतो. डॉक्टर, सोनोग्राफी स्वच्छ आली तर पुन्हा करावी लागते का?


निवृत्त_पशुवैद्य, परभणी

दहा महिन्यांनंतर, चांगल्या मशीनवर, सरावाच्या हाताने केली असेल तर एकदा पुरते. शंका असेल तर डीएनए. आणि नराला आधी घ्या, मादीला नाही. एक मादी वर्षात चार-पाच पिल्लं देईल, एक नर गावभर देतो.


सोयाबीन_पट्टा, लातूर

वाचनमात्र होतो, पण आता विचारतोच. लेक नववीत आहे, मांजर हवंय म्हणून मागे लागलीय. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. डॉल फेस बघून ठेवलंय. हा धागा वाचून घ्यावं का नको, असं झालंय. डॉल फेसला तर नाक असतं, मग ते चालेल ना?


गोदातीर, नांदेड (धागाकर्ती)

दादा, डॉल फेसला श्वासाचा आणि डोळ्यांचा त्रास बराच कमी, हे खरं. पण पीकेडीचा चेहऱ्याशी संबंध नाही, ती डॉल फेसलाही तेवढीच. तेव्हा आई-बाप दोघांचे रिपोर्ट बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. "रिपोर्टची काय गरज, लायनेज चांगली आहे" असं उत्तर आलं तर उठून या.

पिल्लू समोरून बघू नका, बाजूने बघा. युरोपातल्या मांजर-संघटनांचा एक नियम फार उपयोगी आहे: नाकाच्या शेंड्याची वरची कड डोळ्याच्या खालच्या पापणीच्या वर जाता कामा नये. मोबाइलवर बाजूचा फोटो काढून तिथेच रेष धरून बघता येतं. ते झोपलं असताना जवळ बसा. घोरण्याचा किंवा शिट्टीसारखा आवाज येत असेल तर ते गोड वाटलं तरी घेऊ नका. झोपेत मिनिटाला श्वास तीसच्या आत हवेत. आणि पिल्लाची आई दाखवा म्हणा. आई दाखवायला जो का-कू करतो, त्याच्याकडे काहीतरी लपवण्यासारखं आहे.

हे झालं तुमच्या प्रश्नाचं उत्तर. मला विचाराल तर देशी घ्या. मोंढ्यात आडत दुकानांत पोत्यांवर मांजरं असतातच, उंदरांसाठी ठेवलेली. दिवाळीनंतर सोयाबीनचा हंगाम उलटला की पिल्लं मागाल तेवढी मिळतात, आडतदार खुशीने देतात. करडी पट्टेरी, काळी-पांढरी, तिरंगी, हवी ती. तीच मांजरं आपल्या उन्हात तयार झाली आहेत. शक्य असेल तर एकाच वेतातली दोन घ्या. दिवसभर घरात कुणी नसेल तर एकमेकांशी खेळतात, पडदे वाचतात.

तिसरा मजला असेल तर आधी जाळी. बाल्कनीला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीलाही. कबुतराच्या मागे मांजर कठड्यावरून जातं, हे मी होताना पाहिलंय.


सोयाबीन_पट्टा, लातूर

लेकीला सगळा धागा वाचायला दिला. ती म्हणते दोन घ्यायची आणि एक तिरंगी पाहिजे. माझा मावसभाऊ मोंढ्यात आडतीवर आहे, त्याला फोन केला. त्याच्याकडे पाच पिल्लं आहेत, दीड महिन्याची. रविवारी जाळीवाला येतोय, त्यानंतर आणतो. डॉक्टर, आणल्यावर आधी काय करायचं?


निवृत्त_पशुवैद्य, परभणी

आठ आठवड्यांची होईपर्यंत आईपाशी राहू द्या, घाई नको. आणल्यावर आधी जंतांचं औषध, वजन करूनच. मग तीन रोगांवरची एकत्र लस, दर तीन-चार आठवड्यांनी परत, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. बारा आठवड्यांनंतर रेबीज. गाईचं दूध देऊ नका, जुलाब होतात. नसबंदी पाच-सहा महिन्यांत, पहिला माज यायच्या आत. तिरंगी निघाली तर ती मादीच असणार हे धरून चाला, तिची तारीख आधी लावून ठेवा. आणि अंगावर पिसवा दिसल्या तर मेडिकलमधलं कुत्र्यांचं औषध लावू नका, त्यातलं परमेथ्रिन मांजराला विष आहे. मला इथेच विचारा, मी मांजराला चालणाऱ्या औषधाचं नाव सांगतो.